मालकाकडे वेगवान, ग्राहकाकडे संथ: आंबाविक्रीच्या एका वेबसाइटची तपासणी

पार्श्वभूमी

कोकणातले एक बागायतदार कुटुंब आपल्या बागेतला हापूस दलालाशिवाय थेट घरपोच विकते. साइट वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या प्रणालीवर, दुकान तिच्या वूकॉमर्स या विक्रीच्या जोडणीवर. चार, पाच आणि सहा डझनांच्या पेट्या, फळाच्या आकाराप्रमाणे दर, बहुतेक ऑर्डर मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या. जून ते जानेवारी साइटवर जवळपास कोणी फिरकत नाही. पाडव्याच्या आसपास नोंदणी सुरू होते, अक्षय्य तृतीयेला ती शिगेला पोचते आणि मेअखेरीस दुकान बंद होते. म्हणजे वर्षाची सगळी विक्री दोन-अडीच महिन्यांत होते आणि तेवढ्या काळात साइट नीट चालली नाही, तर भरपाईला दुसरा मोका नाही.

ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. क्रम आणि कारणे आहेत तशीच ठेवली आहेत.

अडचण

आधीच्या हंगामात इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींना प्रतिसाद चांगला होता, पण जाहिरातीवरचे क्लिक आणि साइटवर प्रत्यक्ष पान उघडल्याची नोंद यांत मोठी तफावत होती. शंभर क्लिकमागे साठाच्याही आतच पाने उघडत होती. फोनवर ऑर्डर देणारे काही ग्राहक ‘तुमची साइट गोल फिरत बसते’ असे सांगत. घरचे लोक मात्र ठाम होते की साइट लगेच उघडते. त्यांनी स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करूनही पाहिले होते. लाइटहाउस या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनाचा मोबाइल गुणांकही अगदी वाईट नव्हता, ६५ ते ७२ च्या दरम्यान.

दोन्ही बाजू खरे सांगत होत्या. ते कसे, हेच या प्रकरणाचे मर्म आहे.

मोजणी

प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या वेगाचा गूगलचा सार्वजनिक डेटा आधी पाहिला. तो मागच्या २८ दिवसांचा असतो आणि पुरेशी वर्दळ नसेल तर दिसतच नाही. जानेवारीत या साइटसाठी तो रिकामा होता. शिवाय त्यात एक मोठी फट आहे. हा डेटा क्रोम ब्राउझरमधून येतो आणि अँड्रॉइडवर एखाद्या अ‍ॅपच्या आत उघडलेली पाने त्यात धरली जात नाहीत. इन्स्टाग्रामवरून येणारा ग्राहक तर साइट इन्स्टाग्रामच्या आतच पाहतो. ज्यांच्यासाठी जाहिरातीचा खर्च होतो, तेच या मोजणीतून गळतात.

म्हणून वेब-व्हायटल्स ही छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी साइटवर बसवली. प्रत्येक भेटीचे आकडे, सोबत भेट देणारा कुठून आला, कोणते पान, नवा की परत आलेला, एवढीच माहिती एका साध्या टेबलात जमा होऊ दिली. नोंदणीपूर्व जाहिराती लहान खर्चात आठवडाभर चालवल्या, म्हणजे मोजायला पुरेशी माणसे येतील.

निकष नेहमीचेच ठेवले. पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत. बोट टेकवल्यावर प्रतिसाद मिळेपर्यंतचा वेळ, आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत. पान समोर असताना मजकूर अचानक किती हलतो ते सांगणारा सीएलएस ०.१ च्या आत. हे सगळे ७५ व्या शतमानाला, म्हणजे चारपैकी तिघांना तरी हा अनुभव मिळाला पाहिजे. सरासरी येथे कामाची नाही. घरच्यांच्या वेगवान भेटी ती सुधारून टाकतात.

मोबाइलवरच्या भेटी दोन गटांत वेगळ्या केल्यावर चित्र उघडे पडले. थेट पत्ता टाकून किंवा गूगलवरून येणाऱ्यांना सर्व्हरच्या उत्तराचा पहिला तुकडा, म्हणजे पहिला बाइट, ०.९ सेकंदात मिळत होता आणि एलसीपी ४.३ सेकंद होता. इन्स्टाग्रामवरून येणाऱ्यांना पहिला बाइट मिळायलाच ३.६ सेकंद लागत होते आणि एलसीपी ८.२ सेकंद होता. साइट तीच, पानही तेच.

कारणे

पहिले कारण पत्त्यात होते. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर आणि जाहिरातीत कधीकाळी टाकलेला पत्ता एचटीटीपीने (असुरक्षित जोडणीने) सुरू होणारा आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय होता. तिथून सर्व्हर आधी सुरक्षित एचटीटीपीएसवर आणि मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर पाठवत होता. सर्व्हर अमेरिकेत, मुंबईहून जाऊन येण्याचा एक फेरा सुमारे २२० मिलिसेकंदांचा. पहिल्या वळणाला दोन फेरे, दुसऱ्याला सुरक्षित जोडणीसह तीन. पाच फेऱ्यांचे मिळून १.१ सेकंद नुसत्या वाट बदलण्यात जात होते. घरचे लोक ब्राउझरमध्ये आधी साठलेला अंतिम पत्ता उघडत, म्हणून त्यांना हे कधी जाणवलेच नाही.

दुसरे कारण जास्त खोल होते. साइटवर एकदा रचलेले पान साठवून पुन्हा तेच देणारे कॅश प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक प्रोग्राम) होते आणि ते नीट चालतही होते. पण फेसबुक-इन्स्टाग्रामवरून बाहेर जाणाऱ्या दुव्याला एफबीक्लिड नावाचा शेपटीवजा पॅरामीटर जोडला जातो आणि तो प्रत्येक क्लिकला वेगळा असतो. कॅशच्या दृष्टीने प्रत्येक क्लिक हे एक नवे, कधीच न पाहिलेले पान. त्यामुळे जाहिरातीवरून येणाऱ्या प्रत्येकासाठी वर्डप्रेस पान पहिल्यापासून रचत होते. हे तपासायला महागडे साधन लागत नाही. कर्ल या पान मागवण्याच्या आज्ञेने तेच पान आधी साधे मागवावे, मग पत्त्याच्या शेवटी एफबीक्लिडला दर वेळी वेगळी किंमत देऊन मागवावे आणि उत्तराच्या हेडरमध्ये कॅश हिट आहे की मिस, म्हणजे साठवलेले पान मिळाले की नाही, ते पाहावे. येथे साध्या पत्त्याला हिट आणि शेपटीच्या पत्त्याला दर वेळी मिस येत होता.

मिस झाल्यावर पान रचायला १.७ सेकंद का लागत होते, ते डेटाबेसची कामे दाखवणाऱ्या क्वेरी मॉनिटर प्लगइनने दाखवले. सेटिंग्ज साठवणाऱ्या ऑप्शन्स टेबलातला, प्रत्येक पानाला आपोआप लोड होणारा (ऑटोलोड) ऐवज ४ एमबीच्या वर गेला होता. वर्डप्रेसचे साइट हेल्थ पान ८०० केबीच्या पुढे इशारा देते. बराचसा ऐवज कधीच काढून टाकलेल्या प्लगइनचा होता. प्लगइन हटवले तरी त्याच्या नोंदी मागे राहतात. हे शोधताना एक खबरदारी घ्यावी लागते. वर्डप्रेस ६.६ पासून ऑटोलोड रकान्यात ‘यस’खेरीज ‘ऑन’, ‘ऑटो’ आणि ‘ऑटो-ऑन’ अशाही किमती असतात. इंटरनेटवर फिरणारी जुनी क्वेरी फक्त ‘यस’ मोजते आणि बेरीज कमी दाखवते.

तिसरे कारण डोळ्यांसमोरच होते. मुखपृष्ठावर पाच छायाचित्रांचा स्लायडर आणि पान पूर्ण लोड होईपर्यंत सगळ्यावर पसरलेला फिरत्या आंब्याचा पडदा. पहिले छायाचित्र २,४०० पिक्सेल रुंद, १.८ एमबीचे. लाइटहाउस ज्या संथ ४-जी जोडणीची नक्कल करते, ती १.६ एमबीपीएसची आहे. त्या वेगाने एवढी फाइल एकटी उतरायलाही ९ सेकंद लागतात. शिवाय ती जावास्क्रिप्टमधून मागवली जात असल्याने ब्राउझरला तिचा पत्ता उशिरा लागत होता.

पर्याय

हाती सात आठवडे होते. पाडव्याच्या दोन आठवडे आधीपासून साइटला हात लावायचा नाही हे आधीच ठरले होते, म्हणजे प्रत्यक्षात पाच.

होस्टिंग कंपनीने सुचवले की मोठा प्लॅन घ्या. त्याने पान रचण्याचा वेळ कदाचित निम्मा झाला असता, पण फेऱ्यांचे अंतर, वळणे आणि १.८ एमबीचे छायाचित्र तसेच राहिले असते. पैसे खर्चून दुखण्याचा एकच भाग झाकला गेला असता.

दुसरा पर्याय होता मुंबईतल्या सर्व्हरवर स्थलांतर. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वांत नेमका उपाय होता आणि यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. अडचण अशी की ऑर्डरच्या ईमेलही त्याच होस्टिंगवरून जात होत्या आणि पेमेंट गेटवेची सूचना ज्या पत्त्यावर येते त्याची परवानगी सर्व्हरच्या आयपी क्रमांकावर बांधलेली होती. डीएनएस, म्हणजे साइटचे नाव कोणत्या सर्व्हरकडे वळते ती नोंद, बदलताना यातले एक जरी निसटले, तर पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली नाही अशी अवस्था होते, आणि ती हंगामाच्या तोंडावर. स्थलांतर पावसाळ्यावर ढकलले.

तिसरा पर्याय सगळे सोडून तयार ई-दुकानाच्या सेवेवर जाण्याचा. पिनकोडनुसार पोचवण्याचे दिवस आणि प्रतिनिधींचे कमिशन हे दोन्ही नव्याने बसवावे लागले असते. पाच आठवडे त्याला अपुरे होते.

निवड झाली ती आहे त्या सर्व्हरपुढे सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती ग्राहकाजवळच्या केंद्रात ठेवणारी सेवा, उभे करून पान मुंबईतूनच देण्याची, आणि कारणे एकेक करून दूर करण्याची. दर आठवड्याला एक-दोनच बदल, मध्ये मोजणी. सगळे एकदम बदलले असते, तर काही बिघडल्यावर कशामुळे ते कळले नसते.

काय केले

पहिल्या दिवशी फक्त पत्ते बदलले. प्रोफाइल, जाहिराती, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधला पत्ता आणि पेटीवर छापायचा क्यूआर कोड, सगळीकडे अंतिम पत्ता. जुन्या पत्त्यावरून येणाऱ्यांसाठी दोनऐवजी एकच वळण. अर्ध्या तासाच्या या कामाने इन्स्टाग्राम गटाचा जवळपास एक सेकंद वाचला.

मग कॅशची किल्ली, म्हणजे कोणते पत्ते एकच पान मानायचे तो नियम. मोह असा होता की प्रश्नचिन्हापुढचे सगळेच दुर्लक्षित करावे. सीडीएनच्या सेवेत तसे एक बटणच होते. ते दाबले असते तर शोध, क्रमवारी आणि ‘पाच डझन’ आधीच निवडून पाठवलेले दुवे मोडले असते. म्हणून नावे घेऊन वगळले: एफबीक्लिड, गूगलच्या जाहिरातींचा जीक्लिड आणि मोहीम ओळखणारे, यूटीएमने सुरू होणारे सगळे. विश्लेषणाचे आकडे यामुळे हरवत नाहीत, कारण पत्ता ब्राउझरमध्ये तसाच राहतो आणि तिथली स्क्रिप्ट तो वाचते.

एक पॅरामीटर मात्र निर्णयाचा विषय झाला. मुंबई-पुण्यातले विक्री प्रतिनिधी आपापल्या सांकेतिक क्रमांकाचा दुवा पाठवतात. तो क्रमांक वाचून कुकी (ब्राउझरमध्ये राहणारी छोटी नोंद) ठेवण्याचे काम सर्व्हरवरचे पीएचपी, म्हणजे पान रचणारा वर्डप्रेसचा कोड, करत होते. पान कॅशमधून गेले की पीएचपी चालतच नाही, कुकी बसत नाही, आणि प्रतिनिधीचे कमिशन बुडते. त्याहून वाईट म्हणजे कुकीसकट उत्तर साठवले गेले, तर एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या ग्राहकाला चिकटतो. कुकी ठेवण्याचे काम दहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये हलवले, आणि दोन वेगवेगळ्या प्रतिनिधींच्या दुव्यांवरून खऱ्या चाचणी ऑर्डर देऊन हिशोब जुळल्यावरच कॅश चालू केले. दुसऱ्याच्या कमाईशी निगडित गोष्ट नुसती पान उघडून तपासता येत नाही.

कार्ट, चेकआउट आणि खाते ही पाने, तसेच वूकॉमर्सची कार्ट-कुकी असलेली कोणतीही भेट कॅशबाहेर ठेवली. पानांची साठवणूक दहा तासांची. त्यामागे कारण आहे. ‘तुमच्या पिनकोडला पोचते का’ हा फॉर्म वर्डप्रेसचा नॉन्स (विनंती खऱ्या पानावरूनच आली हे पटवणारा तात्पुरता संकेत) वापरतो आणि तो बारा ते चोवीस तासच वैध असतो. पान त्याहून जास्त साठवले की फॉर्म दिसतो छान, पण उत्तर देत नाही. ही चूक हमखास होते आणि ती पहिल्या दिवशी कधीच दिसत नाही.

सीडीएन बसवल्यावर जिओ आणि एअरटेल, दोन्ही सिमवरून उत्तराच्या हेडरमधला शहराचा संकेत पाहिला. स्वस्त प्लॅनमध्ये काही नेटवर्कची वाहतूक मुंबईऐवजी परदेशातल्या केंद्रातून फिरू शकते आणि मग सीडीएनचा अर्थच उरत नाही.

छायाचित्रांसाठी स्लायडर काढून एकच चित्र ठेवले. ते थेट एचटीएमएलमध्ये, ४८०, ८०० आणि १,२०० पिक्सेलच्या वेबपी या हलक्या चित्रप्रकाराच्या तीन आवृत्त्यांत, रुंदी-उंची लिहून, ब्राउझरने आधी आणावे म्हणून फेचप्रायॉरिटी ‘हाय’ देऊन. या एका चित्राचे लेझी लोडिंग (पडद्याजवळ येईपर्यंत चित्र न आणणे) मुद्दाम बंद केले. पहिल्याच पडद्यावरच्या चित्राला लेझी ठेवणे म्हणजे ब्राउझरला थांब म्हणून सांगणे. ८०० पिक्सेलची फाइल ९० केबीची झाली, म्हणजे त्याच संथ जोडणीवर अर्ध्या सेकंदाच्या आत. पेट्यांच्या छायाचित्रांवर मात्र हात आखडता घेतला. वेबपी रंगाची माहिती चित्राच्या तपशिलापेक्षा कमी बारकाईने साठवते. देठाजवळची केशरी छटा त्यात पसरट दिसू लागते. ग्राहक फळाचा रंग पाहून पेटी निवडतो, तेव्हा तिथे दर्जा ७५ ऐवजी ८२ ठेवला आणि फाइल थोडी मोठी राहू दिली.

फिरत्या आंब्याचा पडदा काढायला घरातून विरोध झाला. पडद्यासह आणि पडद्याविना पान उघडतानाचे दोन व्हिडिओ शेजारी-शेजारी दाखवल्यावर तो मावळला.

फाँटचे काम मराठी साइटवर नेहमीच जड असते, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये आकृत्या पुष्कळ. थीम एका मराठी फाँटची चार वजने (कमी-जास्त जाडीच्या आवृत्त्या) टीटीएफ फाइलींमध्ये आणत होती, मिळून ९०० केबी. दोनच वजने ठेवून वॉफ-२ या आवळलेल्या फाइल-प्रकारात केली आणि नको त्या लिप्या काढल्या. पहिल्या कापणीत दोन बिघाड झाले. ₹ हे चिन्ह देवनागरीच्या युनिकोड पट्ट्यात येत नाही, त्यामुळे दर एका फाँटमध्ये आणि त्यापुढचे चिन्ह दुसऱ्यात दिसू लागले. आणि साधनाने जोडणीचे नियम वगळल्यामुळे ‘प्रत्येक’सारख्या शब्दांत पाय मोडलेली सुटी अक्षरे उमटली. पुन्हा कापताना सगळी लेआउट फीचर्स राखली आणि देवनागरी पट्ट्यासोबत ₹, झिरो-विड्थ जॉइनर, नॉन-जॉइनर (अक्षरे जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हे) आणि ठिपक्यांचे वर्तुळ घेतले. चाचणीसाठी ‘करणाऱ्या’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍हस्व’, ‘द्ध’ असलेले एक पान कायमचे करून ठेवले. फाँट ९०० वरून १५० केबीवर आला.

उरलेली कामे लहान होती. निरुपयोगी ऑटोलोड नोंदी बॅकअप घेऊन काढल्या. वर्डप्रेसचे क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे) भेटींवरून सोडवून सर्व्हरच्या क्रॉनवर दर पाच मिनिटांनी लावले. बाहेरच्या स्क्रिप्ट सांभाळणाऱ्या टॅग मॅनेजरमध्ये जाहिरातीचा पिक्सेल (भेट नोंदवणारी छोटी स्क्रिप्ट) दोनदा होता आणि ग्राहक पानावर कुठे बोट टेकवतात ते दाखवणारे गेल्या वर्षीचे हीटमॅप साधन अजून चालू होते, दोन्ही साफ केले. चॅटची खिडकी बोट टेकवल्यावरच लोड होईल असे केले. ‘आजचा दर’ ही पट्टी नंतर उगवून सगळे पान खाली ढकलत होती, तिच्यासाठी आधीच जागा राखली.

परिणाम

हंगामाच्या चौथ्या आठवड्यात इन्स्टाग्राम गटाचा पहिला बाइट ०.५ सेकंदावर आणि एलसीपी २.६ सेकंदांवर होता. निकषाच्या किंचित बाहेर. बाकीच्यांचा एलसीपी २.१. सीएलएस ०.२८ वरून ०.०४ झाला. पेटी निवडण्याच्या बटणाचा आयएनपी ४१० वरून १८० मिलिसेकंदांवर आला.

शंभर क्लिकमागे उघडणारी पाने ऐंशीच्या आसपास गेली. पण ही सगळी सुधारणा वेगाच्या नावावर टाकता येणार नाही. ही नोंद पिक्सेल करतो, आणि पूर्वी तोच उशिरा चालत होता. काही लोक पान पाहून परत गेले तरी मोजलेच जात नसतील. ऑर्डरही वाढल्या, तरी पीक, दर आणि जाहिरातीचा खर्च हे तिन्ही आधीच्या वर्षापेक्षा वेगळे होते. त्या वाढीचे श्रेय या कामाला देण्याइतका पुरावा नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात एक बिघाड झाला. दर खाली आले आणि घरच्यांनी ते नेहमीप्रमाणे एक्सेलमधून, आयात स्क्रिप्टने थेट डेटाबेसमध्ये भरले. एरवी पेटीचा दर बदलला की वर्डप्रेसच कॅश पुसायला सांगते. डेटाबेसमध्ये परस्पर लिहिल्यावर तो निरोप जात नाही. पानावर जुना चढा दर, कार्टमध्ये नवा उतरता. फरक ग्राहकाच्या बाजूने होता म्हणून तक्रारी आल्या नाहीत, पण जुना दर पाहून परत गेलेले किती, ते कळायला मार्ग नाही. त्याच दिवशी आयातीच्या शेवटी कॅश पुसण्याची आज्ञा जोडली आणि पेट्यांच्या पानांची साठवणूक दहा तासांवरून एका तासावर आणली.

वेगळे काय करता आले असते

दर कोण, कधी आणि कोणत्या वाटेने बदलते, हे कॅश बसवण्याआधी विचारायला हवे होते. तपासणीच्या प्रश्नावलीत सर्व्हर, प्लगइन, थीम यांची चौकशी होती, पण बागेतून साइटपर्यंत दर कसा पोचतो याची नव्हती. रोज भाव बदलणाऱ्या मालासाठी तो पहिल्या पाचांतला प्रश्न आहे.

मोजणी आधीचा हंगाम चालू असतानाच बसवली असती, तर तुलना खऱ्या गर्दीशी झाली असती. जानेवारीतला आठवडा विकत आणलेल्या वर्दळीचा होता.

कार्ट आणि चेकआउट अजूनही अमेरिकेतून येतात आणि पहिल्या बाइटला तिथे दोन सेकंद लागतात. सीडीएनने त्यात फरक पडत नाही. पुढचे काम तेच आहे, जुलैमध्ये, या क्रमाने: आधी ईमेल वेगळ्या सेवेवर, मग पेमेंट गेटवेकडे नव्या आयपीची नोंद, डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) दोन दिवस आधी पाच मिनिटांवर, मुंबईच्या सर्व्हरवर खऱ्या पैशांची एक ऑर्डर आणि तिचा परतावा, आणि त्यानंतरच पत्ता वळवणे. जुना सर्व्हर महिनाभर चालू ठेवायचा.